मॅड्रिगल नेमकं कुणासाठी गायलं जायचं? (इटली, साधारण १५२० ते १६४०)

चौथा_आवाज

मॅड्रिगलबद्दल, म्हणजे कवितेवर बेतलेल्या अनेक आवाजांच्या गाण्याबद्दल, वाचायला गेलं की रचनाकारांच्या नावांची एक रांग समोर येते: व्हेर्दलो, आर्काडेल्ट, रोरे, मारेन्त्सिओ, जेझुआल्दो, मोन्तेवेर्दी. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा धीट, असं सांगून लेख संपतो. धीटपणा आला कुठून, हे मात्र कळत नाही. माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे खोडायला सोपं जाईल. मॅड्रिगल बदलत गेलं, कारण ते कुणासाठी गायचं हे बदलत गेलं. सुरुवातीला गाणारे तेच ऐकणारे. शेवटाला गाणारे पगारी आणि ऐकणारे समोर बसलेले.

आधी नावाचा घोळ निस्तरतो. चौदाव्या शतकातही इटलीत मॅड्रिगल होतं, याकोपो दा बोलोन्या वगैरेंचं. दोन किंवा तीन आवाज, तीन-तीन ओळींची कडवी एकाच चालीवर, आणि शेवटी वेगळ्या मात्रेतलं छोटं रितोर्नेल्लो (समारोपाचा तुकडा). सोळाव्या शतकातल्या मॅड्रिगलशी त्याचं नातं नावापुरतं आहे. एक दुसऱ्यातून उगवलेलं नाही.

सोळाव्या शतकातलं मॅड्रिगल म्हणजे बहुतेकदा एकाच कडव्याची कविता. ७ आणि ११ अक्षरांच्या ओळी कवीला हव्या तशा मिसळलेल्या, यमकं मोकळी. संगीतात ध्रुवपद नाही, कडव्याला कडव्याची चाल नाही. प्रत्येक ओळीला तिचं तिचं नवं संगीत. सगळं पुढचं यातून निघतं. त्याआधी मान्तुआच्या दरबारात, इझाबेल्ला देस्तेच्या आश्रयाने, फ्रोत्तोला (कडव्यांचं हलकं गाणं) जोरात होती. कारा आणि त्रोम्बोन्चिनो हे तिचे मोठे रचनाकार. पण फ्रोत्तोलाची चाल कडव्यांवर फिरून येते. पहिल्या कडव्यात जिथे हसू आहे तिथेच दुसऱ्या कडव्यात आसवं येणार, मग चालीने कुणाच्या मागे जायचं? चाल फिरून येणं थांबलं तेव्हाच संगीताला शब्दाचा माग काढता आला.

शब्दाला एवढी किंमत आली त्यामागे कवी आणि विद्वान पिएत्रो बेम्बो. १५०१ मध्ये व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउसने छापलेला पेत्रार्क (चौदाव्या शतकातला इटालियन कवी) त्याने संपादित केला आणि १५२५ च्या ग्रंथात भाषेची तपासणी मांडली. कवितेत दोन गुण, गांभीर्य आणि माधुर्य, आणि ते अर्थाइतकेच नादातूनही येतात: व्यंजनांची गर्दी, स्वरांची लांबी, यमकांमधलं अंतर. हे वाचलेल्या संगीतकाराला ओळीचा नाद म्हणजे आयता कच्चा माल होता.

तिसरी गोष्ट छपाई. आधीचा मुद्रक पेत्रुच्ची याच्या पद्धतीत कागद दोनदा-तीनदा दाबाखाली घालावा लागे: रेघा वेगळ्या, सूर वेगळे. देखणं काम, पण महाग. पॅरिसच्या आतेन्यांने १५२८ च्या सुमारास रेघांचा तुकडा आणि सूर एकाच खिळ्यात आणले, एकाच दाबात पान तयार. (म्हणून त्या छपाईत रेघा तुटक दिसतात.) व्हेनिसमध्ये गार्दानोने १५३८ पासून ही पद्धत चालवली. आर्काडेल्टच्या चार आवाजांच्या पहिल्या पुस्तकाची आज हाती असलेली सर्वांत जुनी आवृत्ती त्याचीच, १५३९ ची. ते पुस्तक १६५४ पर्यंत पन्नासहून जास्त वेळा छापलं गेलं. शंभर वर्षं खपणारं संगीताचं पुस्तक! ते घेणारे दरबारी गवई नव्हते, घरी जमून गाणारे होते.

आणि हे 'पुस्तक' म्हणजे चार वह्या. कान्तो, आल्तो, तेनोरे, बास्सो, प्रत्येकाची वेगळी. इतरांचं काय चाललंय ते तुमच्या पानावर नाही. उभ्या बाररेघाही नाहीत. सगळे आवाज एकत्र फक्त टेबलाभोवती, गाताना, कानावर पडतात. अशा संगीतात गंमत गाणाऱ्याला जास्त, बाजूला बसलेल्याला कमी.

१५८० नंतर फेरारात हे उलटं झालं. पण तिथे पोचायच्या आधी तुमचे प्रतिसाद येऊ देत.

पोथीवाला

धागा चांगला आहे, पण दोन ठिकाणी अडतो.

पहिलं: फ्रोत्तोलातून मॅड्रिगल निघालं असं तुम्ही थेट म्हटलेलं नाही, पण मांडणीचा वास तोच येतो. हे मत आल्फ्रेड आइनस्टाइनच्या १९४९ च्या जाड ग्रंथाचं (हे संगीतवाले आइनस्टाइन, ते नव्हेत). नंतर फेनलन आणि हार यांनी १९८८ मध्ये हस्तलिखितं आणि सुरुवातीची छापील पुस्तकं तपासून दाखवलं की केंद्र मान्तुआ नसून फ्लॉरेन्स आणि रोम आहे, आणि पूर्वज शोधायचे तर फ्रेंच शांसों (अनेक आवाजांचं फ्रेंच गाणं) आणि मोतेत (अनेक आवाजांची लॅटिन धार्मिक रचना) यांमध्ये. ते पटतं. फ्रोत्तोलात वरचा आवाज गाणं आणि खालचे आधार. व्हेर्दलोच्या मॅड्रिगलमध्ये चारही आवाज शब्द घेऊन चालतात. ही सवय मोतेतची. व्हेर्दलो स्वतः फ्रान्सचा, विलार्ट आणि आर्काडेल्ट उत्तरेकडचे. रोममधला कोस्तान्त्सो फेस्ता इटालियन, पण तो पोपच्या गायकवृंदातला, म्हणजे मोतेतमध्येच मुरलेला. 'मॅड्रिगल' हा शब्द मुखपृष्ठावर घेणारं पहिलं छापील पुस्तकही रोमचंच, १५३० चं.

दुसरं, आणि हे तुमच्या मूळ मुद्द्यावरच येतं: मॅड्रिगल पहिल्यापासून रंगमंचावरही होतं. माकियाव्हेल्लीच्या नाटकांसाठी, १५२५ च्या 'क्लित्सिया'साठी आणि लगेच नंतर 'मान्द्रागोला'साठी, अंकांमधली गाणी व्हेर्दलोने केली. समोर प्रेक्षक होते. १५३६ मध्ये विलार्टने व्हेर्दलोची मॅड्रिगलं एक आवाज आणि ल्यूट (तंतुवाद्य) अशी मांडून छापली. म्हणजे चौघे टेबलाभोवती, हेच एकमेव चित्र कधीच नव्हतं.

चौथा_आवाज

दोन्ही मान्य. ल्यूटचं तर विसरूनच गेलो होतो. मुद्दा जरा आवळून मांडतो: १५८० च्या आधीही श्रोते असत, पण लिखाण त्यांच्यासाठी बदलत नव्हतं. नाटकातलं मॅड्रिगल घरी चौघांनी जसंच्या तसं गाता येई. फेरारा दरबारचा रचनाकार लुत्सास्की याचं तसं गाता येत नाही.

नवशिका

वाचतोय. पण गायला बसायचं तर सुरुवात कुठून? चार जण, पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येते, इटालियन येत नाही.

आल्टो_ताई

नवशिका, आर्काडेल्टचं 'इल बियान्को ए दोल्चे चीन्यो' घ्या. दोन-अडीच मिनिटांचं आहे आणि शाळा म्हणून याहून चांगलं नाही. क्रम असा ठेवा.

आधी फक्त शब्द, लयीत, चौघांनी एकत्र. इटालियन उच्चार मराठी माणसाला अवघड नाहीत. त आणि द दंत्यच आहेत, इंग्रजीसारखे ट-ड करू नका. सी-आय म्हणजे ची, सी-ई म्हणजे चे, मध्ये एच आला की की-के. जी-एन म्हणजे न्य. 'डोल्से' ऐकलं की समजायचं, इंग्रजीतून वाचलंय. जोडव्यंजनावर थांबा, नुसतं आपटून जाऊ नका.

मग अक्षरं मोजा. ओळीच्या आत एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीचा स्वर एकाच अक्षरात जातो. इल-बियान-को ए-दोल-चे-ची-न्यो, सात. छापील सुराखाली 'को ए' एकत्र दिसलं की ते एकाच सुरावर. नवे गट इथे एक सूर जास्तीचा शोधत बसतात, आणि त्यांचा आवाज एक मात्रा मागे पडतो.

लय: हात खाली, हात वर, मिळून साधारण दोन सेकंद. आधुनिक आवृत्तीत बाररेघा असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिका. मूळ वह्यांत त्या नव्हत्या. बारच्या पहिल्या मात्रेवर जोर दिला की शब्दाचा आघात भलतीकडे जातो आणि सगळं मार्चिंगसारखं वाटू लागतं. पेन्सिलीने प्रत्येक ओळीतलं आघाताचं अक्षर स्वतः खूण करून ठेवा. प्रत्येक आवाजात ते वेगळ्या क्षणी येईल, आणि तसंच यायला हवं.

पट्टी: त्या काळचा आल्तो म्हणजे वरचा पुरुषी आवाज. बाई आल्टो गात असेल तर खालचे सूर विरतात. सरळ एक सूर वर घ्या, मग सोप्रानोला जरा ताण येईल, तोही चालण्यासारखा असतो.

आता मजकूर. हंस गात मरतो, मी रडत मरतो. तो दुःखात मरतो, मी सुखात. शेवटी, असं मरण असेल तर दिवसाला हजार मरणांनीही मी खूश. (मरणाचा तेव्हाच्या कवितेतला दुसरा अर्थ कुणाला माहीत नव्हता असं नाही.) बहुतेक भागात आवाज एकत्र, कॉर्डमध्ये (एकाच वेळी लागणाऱ्या सुरांच्या जुडीत) चालतात. 'पियान्जेन्दो', म्हणजे रडत, या शब्दावर अचानक ई-फ्लॅटची कॉर्ड येते. एफला सा धरलंत तर ही कोमल निषादावर उभी राहिलेली कॉर्ड. एका शब्दासाठी एकच परका रंग, बस. तिथे आवाज वाढवू नका, थोडा काढून घ्या. कॉर्डच काम करते.

शेवटची 'हजार मरणं' ही ओळ मात्र आवाज एकामागून एक घेतात, पुन्हा पुन्हा. इथे हमखास बिघडतं. प्रत्येकाला आपला प्रवेश आवडतो, आणि प्रवेश झाल्यावर कुणी मागे हटत नाही. दोन-तीन शब्द झाले की आवाज निम्मा करा, म्हणजे पुढच्याचा प्रवेश ऐकू येईल. हजार मोजता यायला हवीत, हजारांचा कल्ला नको.

गंधार३८६

ताईंच्या प्रतिसादाला सुरांची पुरवणी. हार्मोनियमशी किंवा कीबोर्डशी सूर जुळवून मॅड्रिगल बसवू नका. समान-विभागाच्या पट्टीत मेजर थर्ड (सा ते गंधार हे अंतर) ४०० सेंटचा, शुद्ध ३८६ चा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). १४ सेंटचा फरक. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तो गंधार शुद्ध. हार्मोनियमचा त्याच्यापेक्षा चढा. मराठी कानाला हे नव्याने शिकवावं लागत नाही. कॉर्ड थांबेल तिथे आधी मूळ सूर आणि पंचम पक्के करा, मग गंधारवाल्याने वरून खाली उतरत जागा शोधावी. खालून वर चढत गेलं की तो ४०० पाशी अडकतो.

पण यात खड्डा आहे. प्रत्येक कॉर्ड शुद्ध लावत आणि समान सूर धरून ठेवत पुढे गेलं, तर सी–ए–डी–जी–सी अशा एका फेरीत पट्टी साडेएकवीस सेंट खाली येते. चार फेऱ्यांत जवळजवळ एक अर्धा सूर. हा हिशोब जोव्हान्नी बात्तिस्ता बेनेदेत्तीने १५६३ च्या सुमारास पत्रांत मांडला होता, आणि पत्रं कुणाला, तर चिप्रियानो दे रोरेला! त्यामुळे गट उतरला की लगेच सोप्रानोला बोल लावू नका. उपाय: अशा चलनात डी वरच्या मायनर कॉर्डपाशी सगळ्यांनी मिळून किंचित वर सावरायचं, आणि शेवटी सुरुवातीच्या सुराशी ताडून बघायचं.

पोथीवाला

याला जोडून न लिहिलेल्या शार्प-फ्लॅटबद्दल, कारण नवे गट इथेच भांडतात. त्या काळच्या वह्यांत कित्येक खुणा लिहिलेल्याच नसत, गायकाने कानाने लावायच्या. मुख्य जागा दोन. एक, मुक्कामाची: दोन आवाजांतलं सहाव्या सुराचं अंतर रुंदावत आठव्यावर जातं, तेव्हा ते सहाव्याचं अंतर मोठं हवं, म्हणजे वरच्या सुराला शार्प (किंवा खालच्याला फ्लॅट). दोन, एफ आणि बी समोरासमोर आले की बी ला फ्लॅट. आधुनिक संपादक असल्या खुणा सुराच्या डोक्यावर लहान अक्षरात देतात. त्या त्याच्या सूचना, मूळ नव्हे. सुराच्या शेजारी, ओळीत असलेली खूण मूळची. आणि मूळची खूण फक्त त्या सुरापुरती, बारभर चालत नाही. दोन वेगळ्या संपादकांच्या प्रती घेऊन चौघे बसले तर एक जण एफ आणि दुसरा एफ-शार्प गाणार. प्रत एकच ठेवा.

ठुमरीप्रेमी

शब्दाच्या मागे जाणं, एका शब्दासाठी रंग बदलणं... ही तर बोल-बनावाची ठुमरीच की!

चौथा_आवाज

मोह होतो खरा. पण ठुमरीत एकच ओळ घेऊन तिचे दहा अर्थ काढतात, आणि ते गाणारा त्या क्षणी काढतो. मॅड्रिगलमध्ये ओळ सहसा एकदा-दोनदा येते आणि पुढे सरकते. अर्थ कोणता हे रचनाकाराने ठरवून ठेवलेलं असतं. मागे परतणं नाही. तुलना करायचीच तर लुत्सास्कीच्या पानावर करा, तिथे ताना लिहून दिल्यात. तिकडे येतोच.

मधला टप्पा आधी. १५४२ मध्ये रोरेचं पाच आवाजांचं पहिलं पुस्तक आलं आणि सहजसोप्या चौघांचा जमाना मागे पडू लागला. बरीचशी सुनीतं, म्हणजे १४ ओळींची भारी कविता. वाक्य ओळीच्या शेवटी न थांबता पुढच्या ओळीत घुसतं तसं संगीतही घुसतं. आर्काडेल्ट ओळ संपली की मुक्काम करतो. रोरे तिथे एका आवाजाला थांबवतो आणि दुसऱ्याला सुरू ठेवतो. पाचवा आवाज का? चारांत वरचे तीन–खालचे तीन अशी वाटणी केली तर दोन आवाज कायम सामाईक राहतात. पाचांत दोन खरे वेगळे गट पाडता येतात, प्रश्नोत्तर करता येतं, आणि सगळे एकत्र आले की फरक जाणवतो. १५५० नंतर पाच हाच नेम झाला.

संगीतशास्त्रकार त्सार्लिनोने १५५८ मध्ये नियम लिहून ठेवले: कठोर अर्थाला सुरांमधली मोठी अंतरं आणि मेजर, हळव्याला अर्धे सूर आणि मायनर, लांब अक्षराला लांब सूर. विचेन्तिनोने १५५५ मध्ये सप्तकात ३१ जागा मानणारं शास्त्र मांडलं आणि त्यासाठी दोन पट्ट्यांचं आर्चिचेम्बालो नावाचं पेटीसारखं वाद्य बनवलं. वेडाचार वाटेल, पण ते फेराराच्या दरबारी पोचलं आणि लुत्सास्कीला ते वाजवता येई. जेझुआल्दोकडे जाणारा रस्ता इथून जातो, त्याच्या पहिल्या बायकोच्या गाजलेल्या खुनातून जात नाही.

आल्टो_ताई

शेवटच्या वाक्याला +१. त्याबद्दल सविस्तर लिहाच.

आणि शब्दचित्राबद्दल एक. 'चढणं' म्हटलं की सूर वर, 'धावणं' म्हटलं की बारीक सूर, 'उसासा' म्हटलं की शब्दाआधी मौन. यात मारेन्त्सिओ उस्ताद. रात्र किंवा मरण आलं की काळे सूर, डोळे आले की दोन पांढरे गोल शेजारी शेजारी. हे दुसरं ऐकूच येत नाही, वही हातात असलेल्यालाच दिसतं! चौथा_आवाज यांच्या मूळ मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. व्हिन्चेन्त्सो गालिलेईने (गॅलिलिओचे वडील) १५८१ मध्ये या सगळ्याची टर उडवली होती: शब्दाचं चित्र काढता, भाव कुठाय?

पण मारेन्त्सिओ म्हणजे फक्त चित्रं नव्हे. १५९९ च्या नवव्या पुस्तकातलं 'सोलो ए पेन्सोसो' उघडा. पेत्रार्कचं सुनीत: एकटा, विचारात, ओसाड रानं मंद पावलांनी मोजत चाललोय. सोप्रानो लांब लांब सुरांत, अर्ध्या-अर्ध्या सुराने सप्तकाच्याही वर चढत जातो, मग तसाच उतरू लागतो. खालचे चार आवाज आपापल्या वाटेने. सोप्रानोला इथे पेटी लागते असं वाटतं, आणि ती घेतली की नासतं, कारण खालच्या कॉर्ड बदलतात तशी प्रत्येक पावलाची जागा बदलते. बास्सोकडे कान ठेवून गायचं.

चौथा_आवाज

फेरारा. ड्यूक आल्फोन्सो दुसरा याने १५८० मध्ये स्त्री-गायिकांचा संच उभा केला: लाउरा पेव्हेरारा, आन्ना ग्वारिनी, लिव्हिया दार्को. दरबारात नोकरी, पगार, रोजची तालीम, आणि ऐकायला मोजके निवडक पाहुणे. चिजा दरबाराच्या बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, हा शिरस्ता. त्यांच्यासाठीची लुत्सास्कीची एक ते तीन सोप्रानोंची मॅड्रिगलं ड्यूकच्या मृत्यूनंतर, १६०१ मध्ये, छापली गेली. पानं बघितली की फरक डोळ्यात भरतो: वर लिहून दिलेल्या ताना, गिरक्या, एकमेकींना छेद देणारे आवाज, खाली पूर्ण लिहिलेली पेटीची (हार्पसिकॉर्डची) साथ. टेबलाभोवतीच्या हौशी चौघांनी हे गायचा प्रश्नच नाही. इतर दरबारांनी लगेच नक्कल सुरू केली, आणि पाच आवाजांच्या मॅड्रिगलमध्येही वरचे दोन-तीन आवाज चमकू लागले.

याच फेरारात १५९४ मध्ये जेझुआल्दो लिओनोरा देस्तेशी लग्न करायला आला. पहिली दोन पुस्तकं त्याच वर्षी तिथेच छापली, तिसरं-चौथं पुढच्या दोन वर्षांत. पहिल्या बायकोचा खून १५९० चा. सुरुवातीची पुस्तकं ऐकली तर बरीच रीतसर आहेत. ज्यांवरून तो ओळखला जातो ती पाचवं आणि सहावं पुस्तक १६११ ची. खुनाचा परिणाम एकवीस वर्षांनी आणि तोही आधी लुत्सास्कीच्या पानावर दिसायचा? १५७६ मधलं लुत्सास्कीचं दान्तेच्या ओळींवरचं 'क्वीव्ही सोस्पीरी' ऐका आणि मग ठरवा.

गंधार३८६

जेझुआल्दो गाणाऱ्यांसाठी. सहाव्या पुस्तकातलं 'मोरो, लास्सो' सी-शार्प मेजरवर सुरू होतं आणि लगेच ए मायनर. सूर बघा: सी-शार्पचा सी, ई-शार्पचा ई, जी-शार्पचा ए. सगळं अर्ध्या सुराने सरकतं, म्हणून वरवर सोपं. पण हे अर्धे सूर एका मापाचे नाहीत. त्या काळच्या पेटीच्या मीनटोन (गंधार शुद्ध ठेवणाऱ्या) जुळणीत जी-शार्प ते ए (नाव बदलणारा) ११७ सेंट, सी-शार्प ते सी (नाव तेच राहणारा) अवघा ७६. सगळे १०० ने सरकले की कॉर्ड कुठलीच लागत नाही आणि दुसऱ्या ओळीपर्यंत पट्टी हरवते. तालीम करताना दोन्ही कॉर्ड वेगवेगळ्या, न जोडता, लावून घ्या. मग मधलं मौन कमी करत आणा. ई-शार्पला मनात एफ म्हणू नका. एफ म्हटलं की तो चढतो.

पोथीवाला

वह्यांच्या पद्धतीचा एक तोटा राहिला: एक वही हरवली की अख्खी रचना लंगडी. माद्दालेना कासुलाना घ्या. १५६८ चं तिचं चार आवाजांचं पुस्तक हे बाईच्या नावावर छापलेलं संगीताचं पहिलं पुस्तक. अर्पणपत्रिकेत तिने सरळ म्हटलंय की बुद्धी फक्त पुरुषांना दिलेली आहे हा त्यांचा भ्रम आहे. तिच्या १५८३ च्या पाच आवाजांच्या पुस्तकाची आल्तोची वही नव्हती, त्यामुळे ते गाताच येत नव्हतं. ती अलीकडे मॉस्कोच्या रशियन स्टेट लायब्ररीत सापडली.

सगळे आवाज एकाखाली एक छापलेली प्रत, म्हणजे स्कोअर, १५७७ मध्ये गार्दानोच्या छापखान्याने रोरेच्या चार आवाजांच्या मॅड्रिगलांची काढली. ती वाजवणाऱ्यांसाठी आणि अभ्यासकांसाठी. जेझुआल्दोची सहाही पुस्तकं १६१३ मध्ये जेनोवात स्कोअर म्हणून निघाली. गाण्याचं संगीत वाचायचं संगीत झालं, असं म्हणायला हरकत नाही.

चौथा_आवाज

आणि स्कोअर हातात आला की चुका काढणारेही आले. :) संगीतशास्त्रकार आर्तुसीचं १६०० चं पुस्तक. मोन्तेवेर्दीचं 'क्रूदा आमारिल्ली' (छापलं १६०५ च्या पाचव्या पुस्तकात, पण आधीपासून फिरत होतं): आजच्या मोजणीने तेराव्या बारमध्ये खाली बास्सोचा जी, आणि वर सोप्रानो मौनानंतर एकदम ए वर येतो, तिथून उडी मारून एफ वर. दोन्ही सूर बास्सोशी विसंवादी, दोन्हींची तयारी नाही. नियमाने विसंवादी सूर आधीच्या कॉर्डमधून धरून आणायचा आणि पायरीने खाली सोडायचा. आर्तुसीने उदाहरण छापलं ते रचनाकाराचं नाव न घेता, आणि शब्द काढून. तिथले शब्द आहेत 'आही, लास्सो', हाय रे. शब्द काढलेत तर ती चूकच दिसणार. मोन्तेवेर्दीने १६०५ मध्ये छोटं उत्तर दिलं, त्याच्या भावाने १६०७ मध्ये सविस्तर: दुसऱ्या पद्धतीत शब्द मालक, संगीत नोकर.

माझ्या मते मॅड्रिगल बदललं ते या वादाने कमी आणि त्याच पुस्तकाच्या मागच्या पानांनी जास्त. शेवटच्या सहा रचनांना बास्सो कोन्तिनुओ (खर्जाची सलग वाद्यसाथ) सक्तीचा आहे. पेटी किंवा कितारोने (मोठी ल्यूट) खालून कॉर्ड धरून ठेवते, म्हणून वर दोनच आवाज गात राहिले तरी पोकळी वाटत नाही. आवाजांनी एकमेकांना तोलायची गरज संपली. १६१९ च्या सातव्या पुस्तकात एक ते सहा आवाज, वाद्यं, काहीही. १६३८ च्या आठव्यात लढाईचा थरार दाखवायला एकच सूर सोळा तुकड्यांत ठोकणारी वाद्यं. मुखपृष्ठावर मॅड्रिगल लिहिलंय, पण टेबल केव्हाच उचलून नेलंय.

दक्षिणोत्तर

इंग्लंडचं कुणीच काढलं नाही म्हणून थोडक्यात. १५८८ मध्ये निकोलस याँगने ५७ रचना, बहुतेक इटालियन, इंग्रजी शब्द बसवून छापल्या आणि लाट आली. मॉर्लीने हलका बाज उचलला. त्याची १५९५ ची फा-ला वाली बॅले (फा-ला-ला असं ध्रुवपद असलेली हलकी गाणी) इटालियन गास्तोल्दीवरून. १६०१ च्या राणीस्तुतीच्या संग्रहात २३ जणांच्या २५ रचना, कल्पना व्हेनिसच्या १५९२ च्या संग्रहाची. इंग्रजांना पेत्रार्क नव्हता, म्हणून गांभीर्य कमी, नेमकेपणा जास्त. वील्क्सच्या 'ॲज व्हेस्टा'मध्ये 'दोन-दोन' ला दोन आवाज, 'तीन-तीन' ला तीन, 'एकटी' ला एकच. टेबलाचा प्रश्न मात्र तिथे वेगळ्या प्रकारे सुटला: डाउलंडच्या १५९७ च्या पुस्तकात एकाच उघडलेल्या पानावर आवाज वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेत, पुस्तक मधे ठेवून चारी बाजूंनी बसायचं.

नवशिका

आर्काडेल्ट उघडलाय, 'को ए' वर अडकलो आणि सुटलोही. आता पाचवा माणूस मिळतोय. रोरेकडे जावं म्हणतो, पण पाचव्या वहीवर नुसतं 'क्विन्तो' लिहिलंय. हा आवाज कुठला? बारीटोन द्यायचा का?

आल्टो_ताई

क्विन्तो म्हणजे आवाजाची जात नव्हे, फक्त पाचवी वही. एका रचनेत ती दुसरी सोप्रानो असेल, पुढच्याच पानावर दुसरा टेनर. प्रत्येक रचनेची क्लेफ (रेघांच्या सुरुवातीला सुराची जागा सांगणारी खूण) बघा. पहिल्या रेघेवर सी-क्लेफ असेल तर सोप्रानो, चौथ्या रेघेवर असेल तर टेनर. सगळ्याच वह्यांच्या क्लेफ नेहमीपेक्षा वर सरकलेल्या दिसल्या (वर जी-क्लेफ, खाली एफ-क्लेफ तिसऱ्या रेघेवर) तर सगळं चौथ्याने किंवा पाचव्याने (सा ते मध्यम किंवा सा ते पंचम एवढ्या अंतराने) खाली उतरवून बघा, सोप्रानोचा घसा वाचेल. बारीटोनला क्विन्तो द्यायची घाई नको. आधी पुस्तकातल्या टेनरच्या क्लेफवाल्या रचना वेगळ्या काढा, त्यातून निवडा.